गोठ्यामागचं इंजिन

४ मार्च

दादा,

"दोन महिने राहून येतो" म्हणून तू लेकीकडे गेलास, त्याला अर्धं वर्ष होत आलं. महिने मोजायची ही पद्धत मलाही शिकव. दूधगाडीवाल्याला मी तसंच माप दिलं असतं तर आत्तापर्यंत घरावर माडी चढली असती.

फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. मागे "ठिपकी व्यायली" एवढं सांगायला फोन केला, तर तू तीनदा "कोण आली?" म्हणून विचारलंस आणि शेवटी "मग तिला चहा दे" म्हणून ठेवून दिलास. माझ्या ओरडण्याने बाकीच्या गायी बिचकल्या ते वेगळंच. त्यापेक्षा पत्र बरं. तुझा उपदेश फार झाला की घडी घालून ठेवता येते.

तर मुद्दा असा, की इंजिन खोकतंय. सकाळी सुरू करायला गेलं की खोकतं, मग चालतं, मग मध्येच दम लागल्यासारखं थांबतं. तू असतास तर स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून, मोठ्या डॉक्टरचा चेहरा करून रोग सांगितला असतास. मीही लावून बघितला. कानाला वंगण लागलं, बाकी काही कळलं नाही.

भंगारातल्या व्हॅनचं इंजिन शेणाच्या गॅसवर चालवून तू वीज काढणार म्हणालास, तेव्हा सगळे फिदीफिदी हसले होते. मीसुद्धा हसले होते, कबूल. पण आता ते सगळे येऊन विचारतात, "सात गायींच्या शेणावर तुझं दूध रात्रभर गार कसं राहतं?" तारेवरची वीज तर लहरी. दुपारी येते, तीही मनात आलं तर. संध्याकाळच्या धारा सकाळच्या गाडीपर्यंत टिकतात त्या तुझ्या इंजिनमुळेच. ते बंद पडलं तर माझा धंदा बसला.

म्हणून म्हणते, एकदा येऊन बघून जा. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

चिमी


१२ मार्च

चिमे,

इंजिन खोकायला लागलं की त्याच्या छातीला नाही, पोटाला हात लावायचा. गॅसबरोबर वाफ येते, ती नळीत गार होते आणि पाणी साचतं. गोठ्याच्या कोपऱ्यात नळी जिथे खाली वाकते, तिथे मी एक तोटी बसवली आहे. तू तिच्यावर पिशव्या अडकवतेस. पिशव्या काढ, तोटी उघड, पाणी जाऊ दे.

एवढ्याने भागलं नाही तर निळं पिंप उघड. त्यात लोखंडाचा कीस आहे. गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचं जे असतं ते हा कीस शोषून घेतो, नाहीतर इंजिन आतून खाऊन टाकेल. कीस काळा पडला असेल तर बाहेर काढून पातळ पसर. ढीग करू नकोस, तापतो. तांबडा झाला की परत भर.

बघ, किती सोपं. यासाठी एवढा प्रवास करून मी कशाला यायचं? तुझे हात माझ्यापेक्षा बरे चालतात. फक्त तुझा त्यांच्यावर विश्वास नाही.

इथे सगळं ठीक. चौथा मजला. लेक कामाला जाते, जावई कामाला जातो, मी गॅलरीत बसून खाली लोक गाड्या कशा चुकीच्या लावतात ते बघतो. कानातलं नवीन यंत्र झकास आहे. शेजारच्या घरातली भांडणंही ऐकू येतात, त्यामुळे करमणुकीची सोय झाली.

ठिपकीला काय झालं, कालवड की गोऱ्हा? तेवढं लिहिलं नाहीस.

दादा


२९ मार्च

दादा,

कालवड झाली. तोंड अगदी आईचं आणि अक्कल कुणाची ते अजून कळायचं आहे.

तोटी उघडली. बादलीभर पाणी निघालं. कीसही पसरला. इंजिन आता मांजरासारखं गुरगुरतंय. हात टेकले बाबा तुझ्यापुढे.

पण आता दुसरंच निघालं. कार्बोरेटर गळतोय. खाली डाग पडतात. मी फडकं बांधून ठेवलं आहे, पण फडक्याने किती दिवस भागणार? हे काही पत्राने व्हायचं काम नाही. तूच यायला हवंस. आणि आल्यासारखा महिनाभर राहा, म्हणजे गॅसच्या टाकीवरच्या ड्रमलाही रंग देऊन होईल.

दूधगाडीवाला रोज विचारतो, "मेकॅनिक साहेब कधी येणार?" मी रोज सांगते, येतील आता. परवा त्याने विचारलंच नाही, तेव्हा मलाच वाईट वाटलं.

संध्याकाळी धारा झाल्या, गार करायच्या टाकीत दूध ओतलं, इंजिन सुरू केलं, की मग काही काम उरत नाही. तुझी ती मोडकी खुर्ची गोठ्याच्या दाराशी अजून आहे. बसत कुणी नाही. मोठी गाय येता-जाता तिच्यावर अंग घासते.

ये लवकर.

चिमी


७ एप्रिल

चिमे,

कार्बोरेटर म्हणजे नाजूक प्रकरण, पण घाबरू नकोस. हलक्या हाताने काढ, रॉकेलने धू, उन्हात वाळव, परत बसव. डाग पडायचे थांबतील याची मी हमी देतो. थांबले नाहीत तर सविस्तर लिही. डाग केवढा, रंग कोणता, वास कसला. तुझ्या पत्रावरून मला इंजिन डोळ्यांसमोर दिसतं.

इथे मला कुणी काही विचारत नाही. परवा जावयाची मोटरसायकल सुरू होईना. मी उठेपर्यंत त्याने गॅरेजवाल्याला फोन लावलासुद्धा. म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला हात काळे करता?" चांगला मुलगा आहे. पण तुझं पत्र आलं की मी तासभर त्यातच असतो. लेक म्हणते, "आत्याने काय कादंबरी लिहिली का?"

येण्याचं बघू. सध्या ऊन फार आहे.

दादा


१८ मे

दादा,

कार्बोरेटर धुतला. डाग थांबले. तुझी हमी खरी ठरली, आनंद आहे.

आता दिवे डोळे मिचकावतात. गोठ्यातले सगळे एकदम. गायींना सवय झाली आहे, मला होत नाही. पट्टा सैल आहे की डायनॅमोचं काही बिनसलं, मला काय ठाऊक? ऊन आता कमी झालं असेल, की तुमच्याकडे बारा महिने ऊनच असतं?

माझा पाय मुरगळला होता. शेणाच्या चरात घसरले. तसं काही नाही, काठी घेऊन चालते. धारा काढायला बसते तेव्हा बरं असतं, उठताना नाकी नऊ येतात. पलीकडच्या मोठ्या गोठ्याचा मालक चौकशीला आला होता. म्हणाला, "वहिनी, एकटीने कशाला ओढता? गायी मला देऊन टाका." मी म्हटलं, माझा भाऊ आहे, तो येणार आहे. तो हसला नाही, नुसतं बरं म्हणाला. त्याचाच मला जास्त राग आला.

तुला यायचंच नाहीये का, दादा? तसं असेल तर सरळ लिही. मी काही रडत बसणार नाही.

चिमी


२७ मे

चिमे,

पट्टा दोन चाकांच्या मध्ये अंगठ्याने दाब. अंगठ्याच्या पेराएवढा आत गेला तर ठीक. जास्त गेला तर सैल आहे. बोल्ट कुठला ढिला करायचा आणि डायनॅमो कुठे सरकवायचा त्याचं चित्र या कागदाच्या मागे काढलं आहे. चित्रात गोल दिसतंय ते चाक आहे, तुझं तोंड नव्हे.

पायाला गरम पाण्याचा शेक घे. शेणाचा चर रोज धुवायला हवा, मी असताना तुला कितीदा सांगितलं.

यायचं नाही असं नाही. प्रवास झेपत नाही आता. आणि खरं सांगू, माझ्यावाचून तुझं अडत नाही हे बघून मला बरंच वाटतं. तू आता अर्धी मेकॅनिक झालीस. मी येऊन करणार काय? खुर्चीत बसून तुझ्या चुका काढणार.

गायी देऊ-बिऊ नकोस कुणाला. त्या गेल्या तर इंजिनला घालणार काय?

दादा


११ जून

दादा,

घाईत लिहिते आहे. गॅस बंद झाला.

कमी नव्हे, बंद. शेणाच्या टाकीवरचा, गॅस साठतो तो लोखंडी ड्रम पार खाली बसला. एरवी सकाळी माझ्या कमरेइतका वर तरंगत असतो, आता कड तेवढी दिसते. शेगडीला काडी लावली तर भक् होऊन विझते. इंजिन तर सुरूच होत नाही. तोटी उघडून पाणी काढलं. कीस नवा भरला. नळ्यांना साबणाचा फेस लावून बघितला, कुठे गळत नाही. बाजारातला मेकॅनिक आणला. तो म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, त्याला प्यायलाच काही नाही.

त्यात ठिपकीची कास सुजली. दगडासारखी घट्ट, हात लावू देईना. गुरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शनं देऊन गेले, रोज एक. एका बाजूची उतरली तर दुसऱ्या बाजूला सूज आली, म्हणून परत सुरू केली. तिचं दूध मी वेगळं काढून ओतून देते, डॉक्टरांनी तसं बजावलं आहे. शेण मात्र तीच सगळ्यात जास्त टाकते, तेवढाच आधार. ड्रम खाली बसल्यापासून टाकी उपाशी असेल असं समजून मी दुप्पट शेण कालवून घालते आहे. घालताना कंबर मोडते. तरी ड्रम हलत नाही.

संध्याकाळचं दूध दोनदा नासलं. गाडीवाल्याने पहिल्यांदा सांभाळून घेतलं, दुसऱ्यांदा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मावशी, वरचे लोक ऐकत नाहीत. तिसऱ्यांदा झालं तर तुमच्या दारात गाडी थांबायची नाही." तारेवरची वीज असेल तेवढा वेळ दुधाची टाकी चालवते, पण ती संध्याकाळी कधीच नसते.

तुझ्या पोरीला फोन करून सांगितलं आहे, बाबांना लगेच सांग म्हणून. तिने सांगितलं असेलच. दादा, या वेळी खरंच ये. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

चिमी


१९ जून

चिमे,

पोरीने तुझा निरोप कागदावर लिहून दाखवला आणि आज पत्रही आलं. मी इतका हसलो की पोरगी स्वयंपाकघरातून बघायला आली.

"या वेळी खरंच ये." म्हणजे आधीच्या वेळी खोटं होतं ना? सापडलीस की नाही! अगं वेडे, त्या इंजिनला कार्बोरेटर आहेच कुठे? गॅसवर घेताना मीच तो काढला आणि तुला दिला. खिडकीत ठेवून तू त्यात कात्री आणि सुतळी ठेवतेस. तो गळतो म्हणून तू मला लिहिलंस आणि मी तुला तो रॉकेलने धुवायला सांगितला. दोघंही किती शहाणे!

मी तेव्हाच ओळखलं होतं, पण गंमत वाटली म्हणून गप्प बसलो. आधी खोकला, मग कार्बोरेटर, मग डोळे मिचकावणारे दिवे, आणि आता एकदम गॅसच गायब. तुझी मजल वाढत चालली आहे. पुढच्या पत्रात गायीच नाहीशा झाल्या म्हणून लिही.

माझी आठवण येते हे कळलं, बरं वाटलं. त्यासाठी टाकीला उपाशी मारू नकोस. ठिपकीच्या कासेला गार पाण्याच्या पट्ट्या लाव. पाय कसा आहे?

दिवाळं निघाल्यासारखं लिहू नकोस. हसत राहा.

दादा


३० जुलै

दादा,

तू सांगितलंस तसं लिहिते. गायी नाहीशा झाल्या.

दूध तिसऱ्यांदा नासलं तेव्हा तुझं हसण्याचं पत्र माझ्या हातात होतं. गाडी दुसऱ्या दिवसापासून थांबायची बंद झाली. हॉर्नसुद्धा न वाजवता जाते. मी काही दिवस डोक्यावर किटली घेऊन घरोघर दूध घातलं. मग पायाने ऐकलं नाही. पलीकडच्या मालकाने गायी नेल्या. चांगला माणूस आहे, भाव पाडला नाही. सहा एकदम चालत गेल्या. ठिपकी दारात अडली. तिला कालवड पुढे घालून न्यावी लागली.

टाकीत शेण घालायचं आता काम नाही. त्या बाजूला मी जात नाही.

तुझं चूक नाही. खोटं मीच आधी लिहिलं होतं. पण हसायच्या आधी एकदा तरी पत्र नीट वाचायचं होतंस.

चिमी


८ ऑगस्ट

चिमे,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे.

ते आल्यावर मी तुझं जूनचं पत्र काढलं आणि पहिल्यांदाच ते मेकॅनिकसारखं वाचलं. सगळं त्यातच होतं. ठिपकीला इंजेक्शनं, परत इंजेक्शनं, आणि शेण सगळ्यात जास्त तिचं. टाकीतले जंतू शेण खातात म्हणून गॅस होतो. कासेतले जंतू मारायचं औषध शेणातून उतरलं आणि टाकीतले मेले. तू टाकी उपाशी आहे असं समजून दुप्पट घातलंस, म्हणजे औषधच दुप्पट घातलंस. दूध ओतून दे असं डॉक्टरांनी सांगितलं, कारण दूध माणसं पितात. शेणाचं त्यांनी सांगितलं नाही. गोठ्यामागे कोण काय शिजवतंय ते त्यांना काय माहीत?

ते मी सांगायला हवं होतं. मी तिथे असताना कुठल्या गायीला काय टोचलं ते बघून तिचं शेण मी गुपचूप बाजूच्या खड्ड्यात टाकायचो. गुपचूप म्हणजे लपवून नव्हे, बोलायचं सुचलंच नाही. आपण असताना आपलं काम दुसऱ्याला कशाला सांगायचं, असा माझा खाक्या. जाताना मी तुला पाने दाखवले, पट्टे दाखवले, आणि नेमकं हे राहिलं. एका ओळीचं उत्तर होतं. ठिपकीचं शेण बाजूला टाक, टाकीत काही घालू नकोस, महिनाभर दम धर, तोवर भाड्याचं डिझेल जनरेटर आण. मला ते येत होतं, चिमे. मी त्याऐवजी विनोद लिहिला.

आता मी का आलो नाही, ते सांगतो. कानातलं यंत्र झकास आहे असं लिहिलं होतं ते खोटं. यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्याचा उपयोग नाही. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत एकदा मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो होतो आणि हाताशी मिक्सर जळत होता. आत काही अडकलं होतं, मोटर ओरडत असणार. मला धूर डोळ्यांत गेल्यावर कळलं. लेक धावत आली, तिचा चेहरा मी विसरणार नाही. चाळीस वर्षं मी आवाजावरून इंजिनं दुरुस्त केली, आणि हाताच्या अंतरावरची मोटर मला ऐकू आली नाही.

त्यानंतर गोठ्यामागच्या त्या इंजिनसमोर उभं राहायची मला लाज वाटायला लागली. तू म्हणणार, ऐक बघ दादा, आणि मी काय ऐकणार? पत्रात मात्र तू लिहायचीस आणि मी सांगायचो. तिथे मी अजून मेकॅनिक होतो. तुझे बिघाड खोटे आहेत हे कळूनही मी ते सोडले नाहीत, कारण ते संपले असते तर तू सरळ ये म्हणाली असतीस आणि मला सरळ नाही म्हणावं लागलं असतं.

तू तिकडे किटली डोक्यावर घेऊन फिरत होतीस आणि मी इकडे हसत होतो, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. यावंसं वाटतं. कुठल्या तोंडाने येऊ ते कळत नाही.

दादा


१९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. चुलीत घालणार होते. मग मिक्सरचं परत वाचलं आणि संताप टिकेना.

तुला ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला? तू जायच्या आधीपासून माहीत होतं. दूधगाडी दारात हॉर्न वाजवायची आणि तू खुर्चीत तसाच बसून असायचास. मग मी मुद्दाम तुझ्या समोरून जायची, म्हणजे तू मला बघून उठशील. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचास तेव्हा तू ऐकत नव्हतास, दांड्यावर बोटं ठेवून थरथर बघत होतास, तेही मला दिसायचं. आणि रोग बरोबर सांगायचास. मी बोलले नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तू बोलला नाहीस, तुला लाज वाटली म्हणून. आपण दोघांनी मूग गिळले आणि गायी गेल्या.

मला इंजिन ऐकणारा माणूस नको होता. संध्याकाळी धारा झाल्यावर समोर बसणारा माणूस हवा होता. तसं सरळ लिहायला मला जमलं नाही, म्हणून कार्बोरेटर लिहिला.

आता ऐक. गायी गेल्यापासून मी गोठ्यामागे फिरकले नव्हते. मंगळवारी दोरी हवी होती म्हणून गेले, तर ड्रम वर आलेला. थोडाथोडका नाही, कमरेच्या वर. मला वाटलं माझेच डोळे फिरले. शेगडीला काडी लावली, निळी ज्योत. तू लिहिलंस तसंच झालं, कुणी काही घातलं नाही, तिला तिच्या वाटेला सोडलं, आणि टाकी आपोआप बरी झाली. महिनाभर दम धरायचा होता, एवढंच.

इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्याला लागलं. गोठ्यातले सगळे दिवे लागले, दूध गार करायची टाकीही सुरू झाली, आत काही नसताना. सात दावणी, झाडलेल्या, कोरड्या, आणि त्यांच्यावर लख्ख उजेड. मी तिथेच खाली बसून रडले. रडत बसणार नाही असं तुला लिहिलं होतं, ते राहू दे.

नवीन शेण नाही, त्यामुळे आत आहे तेवढंच जळेल. थोडे दिवस पुरेल, मग ड्रम खाली बसेल तो कायमचा. मी रोज संध्याकाळी थोडा वेळ लावते. पट्टा घट्ट आहे, नळीत पाणी नाही, कीस तांबडा आहे. कुठे काही बिघडलेलं नाही, आणि बिघडलं असतं तरी नासायला दूध नाही. तुला बोलवायला माझ्याकडे आता काही कारण उरलं नाही.

तरी ये.

चिमी